सात आवृत्त्यांचं जनुक आणि लष्करातली मराठी घरं

ताई, भाच्याच्या डीएनए रिपोर्टात डीआरडी४ जनुकाचा सात आवृत्त्यांचा प्रकार निघाला आणि खाली ‘साहसी, भटका स्वभाव’ असं छापून आलं. त्यावरून तुम्ही विचारलंत, शिंद्यांच्या फौजेबरोबर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात येऊन राहिलेल्या आपल्या घराण्यांत हा गुण नैसर्गिक निवडीने, म्हणजे उपयोगी ठरून पिढ्यान्‌पिढ्या, वाढला असेल का? मला तसं अजिबात वाटत नाही.

या जनुकात डीएनएच्या ४८ अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ येतो. बहुतेकांत चार वेळा, काहींत दोन, काहींत सात. मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन ज्याला चिकटतं असं एक प्रथिन यातून बनतं, आणि दर तुकड्यामागे त्यात १६ अमिनो आम्लं वाढतात. लॅबमध्ये डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलच्या थरावर हा फरक डोळ्यांनी दिसतो: सातचा पट्टा चारच्या मागे रेंगाळतो, कारण तो १४४ अक्षरांनी लांब असतो.

१९९६ साली जगभरच्या समूहांची तुलना झाली. सातचा प्रकार सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास. पण अमेरिकेतल्या मूलनिवासींत सुमारे ४८, आणि पूर्व व दक्षिण आशियात जेमतेम दोन. एवढी तफावत पाहिली की नैसर्गिक निवडच आठवते. पण लहान टोळी मूळ समूहातून फुटून लांब गेली की तिच्यातली प्रमाणं योगायोगानेही बदलतात. नुसत्या तफावतीवरून निवड सिद्ध होत नाही.

ती शोधतात जनुकाच्या शेजारात. पिढ्यान्‌पिढ्या गुणसूत्रांचे तुकडे पत्ते पिसल्यासारखे अदलाबदल होतात, त्यामुळे जुन्या प्रकाराच्या आजूबाजूची मांडणी विस्कटलेली असते. योगायोगाने एवढं पसरायचं तर प्रकार खूप जुना हवा. २००२ मध्ये मात्र दिसलं, की सातच्या शेजारची मांडणी बरीच शाबूत आहे. म्हणजे वय कमी, अंदाजे ४० ते ५० हजार वर्षं, तरी पसारा मोठा. म्हणून त्या संशोधकांनी निवडीच्या बाजूने कौल दिला. हा युक्तिवाद मला फार सुंदर वाटतो, पण निवड नेमकी कशासाठी झाली हे त्यातून कळत नाही.

स्वभावाचा धागा तर त्याहून कच्चा. १९९६ मध्येच दोन अभ्यासांनी सातचा संबंध नावीन्याच्या ओढीशी जोडला होता. पुढे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर तो टिकला नाही. केनियातल्या आरियाल लोकांवरचा २००८ चा अभ्यास जास्त बोलका आहे: भटक्या गटात सातवाल्यांची अंगकाठी बरी होती, गावात स्थिरावलेल्यांत मात्र किंचित खालावलेली. प्रकार तोच, राहणीप्रमाणे परिणाम उलटा.

आता आपलं लष्कर. दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला १८१० च्या सुमारास, म्हणजे फार तर आठ-नऊ पिढ्या. इतक्या थोड्या पिढ्यांत, इतक्या अंधुक परिणामाच्या जनुकावर निवडीचा ठसा उमटत नाही. आपली माणसं आली ती चाकरीसाठी, वतनासाठी, आणि मागाहून त्यांनी बोलावून घेतलेले सोयरे.