‘झूम’ हा डोळ्यांचा शब्द नाही, कानांचा आहे

एका वाचकाने विचारलंय: कॅमेऱ्यावरच्या ऑप्टिकल झूम आणि डिजिटल झूमला मराठीत ‘प्रकाशीय विशालन’ आणि ‘अंकीय विशालन’ म्हणावं का?

अजिबात नाही. प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची म्हणजे विशालन, हे आपण दहावीच्या विज्ञानात शिकलो. समोरचं नारळाचं झाड तीस-चाळीस फुटांचं आणि कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर उमटलेली त्याची प्रतिमा काही मिलिमीटरची, मग यात विशाल काय झालं? झूम करताना बदलतं ते भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ; ते जितकं जास्त, तितकी वस्तू चित्रात मोठी. परिभाषा घडवणारे संस्कृत धातू चाळतात, पण कॅमेरा हातात घेऊन बघत नाहीत, हे माझं जुनं दुखणं आहे.

‘डिजिट’ म्हणजे बोट, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडतो. मजा आहे ती ‘झूम’मध्ये. काही जण त्याचं मूळ हिंदी ‘झूमना’त शोधतात. डुलण्याचा इथे काय संबंध? ईशान्येकडची झूम शेती तर तिसरीच. इंग्रजीतला हा शब्द निव्वळ आवाजावरून आलाय. १८८६च्या सुमारास तो गुणगुणण्या-घोंघावण्यासाठी वापरलेला सापडतो. म्हणजे आपल्या ‘घोंघावणे’चा हा भाऊबंदच. पहिल्या महायुद्धात, १९१७च्या आसपास, वैमानिकांनी तो उचलला. विमान एकदम नाक वर करून चढलं की तो ‘झूम’. तिथून १९३०च्या दशकात तो सिनेमाच्या भिंगाला चिकटला, कारण पडद्यावरचं दृश्य तसंच झपकन अंगावर येतं.

आता छोटा कॅमेरा घ्या, कानाशी धरा आणि झूमची कळ दाबा. झूंऽऽ ऐकू येतं ना? ती आतली बारीक मोटर भिंगं पुढेमागे सरकवते आहे. ती थांबल्यावरही कळ दाबून धरली, तर चित्र मोठं होत राहतं, आवाज मात्र बंद. इथून पुढे डिजिटल! पडद्यावरच्या पट्टीतही बहुधा याच ठिकाणी खूण असते. या शब्दाचा जन्म मोटरीच्या आवाजातून झालेला नाही, हे खरं. तरी माझं ठाम मत आहे की जो घोंघावतो तोच झूम, मुक्याला ते नाव देऊच नये.

कारण मुक्या झूममध्ये कॅमेरा फक्त कातरकाम करतो. मधला तुकडा कापायचा आणि ताणायचा. तारेवर बसलेला खंड्या टिपताना चारपट डिजिटल झूम केला, तर १६ मेगापिक्सेलपैकी खंड्याच्या वाट्याला एकच मेगापिक्सेल, म्हणजे दहा लाख ठिपके, उरतो. लांबी चौथाई, रुंदी चौथाई, म्हणून क्षेत्र सोळावा हिस्सा. उरलेले ठिपके कॅमेरा शेजारच्यांवरून अंदाजाने भरतो. चोचीची कड ओल्या कागदावरच्या शाईसारखी पसरते. ताकात पाणी घातलं की ताक वाढतं, लोणी वाढत नाही. घरी येऊन फोटो कातरला तरी हेच मिळालं असतं.

म्हणून मी ‘भिंगझूम’ आणि ‘कातरझूम’ म्हणतो. ‘अंकीय’वाल्यांना हे गावंढळ वाटतं. वाटू दे, ‘कातरझूम’ ऐकून दुकानात कोणी फसणार तरी नाही.

कारण दुकानात काय चालतं ते मी स्वतः ऐकलंय. ‘साहेब, वीसपट झूम!’ खोक्यावर बारीक अक्षरात पाच ऑप्टिकल, चार डिजिटल, आणि विक्रेत्याने सरळ गुणाकार केलेला. शिवाय पाचपट म्हणजे डोळ्याला दिसतं त्याच्या पाचपट, असंही नव्हे. सगळ्यात मोठं नाभीय अंतर भागिले सगळ्यात लहान, एवढाच तो आकडा. २४ ते १२० मिलिमीटरचं भिंग पाचपट आणि ३५ ते १७५चंही पाचपटच, पण खंड्या दुसऱ्यात बराच मोठा येईल. तेव्हा पट विचारू नका, मिलिमीटर विचारा. भिंगाच्या कडेवर ते छापलेले असतात, पण तिथला आकडा खूप लहान दिसला तर दचकू नका. तो खऱ्या, इवल्या भिंगाचा असतो, तुलनेसाठीचा, ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात बदललेला आकडा माहितीपत्रकात मिळेल.