मुंबईत परवडणारे, टिकाऊ उन्हाळी परफॉर्मन्स टायर कसे निवडावेत?

मुंबईत कडक थंडी नसल्याने उन्हाळी टायर येथे बाराही महिने चालतात; मात्र त्यांची खरी परीक्षा उन्हात नव्हे, तर जुलैतील पाणी साचलेल्या रस्त्यावर होते, म्हणून ओल्या रस्त्यावरील पकडीचा दर्जा ‘ए’ किंवा ‘डबल ए’ असलेलेच टायर घ्यावेत. टिकाऊपणासाठी, टायरच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ (रबर किती हळू झिजते हे दाखवणारा) अंक छापलेला असल्यास तो 300 किंवा अधिक असावा. 200च्या आसपासचे रबर रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते. (हा अंक कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना जपूनच करावी.) सवलतीच्या मोहात पडण्यापूर्वी टायर जुना तर नाही ना, हे पाहण्यासाठी चार अंकी उत्पादनशिक्का वाचावा: 1425 म्हणजे 2025मधील चौदावा आठवडा. खड्ड्यांमुळे बिघडणारे चाकांचे अलाइनमेंट (चाके सरळ रेषेत असणे) वेळोवेळी तपासून घ्यावे, अन्यथा महागडा टायरही एका कडेने झिजतो.