अनुदानाचा प्रोजेक्टर थकलेल्या भाड्यापोटी देता येतो का?

प्रश्न : जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची नोंदणीकृत फिल्म सोसायटी आहे. जुन्या जिनिंगच्या गोदामात ८० खुर्च्यांचं थिएटर केलं, राज्य शासनाच्या अनुदानातून प्रोजेक्टर आणि साउंड घेतला. आता प्रेक्षक घटले, चौदा महिन्यांचं भाडं थकलं. कार्यकारिणीतल्या चौघांनी संस्था बंद करून सगळं सामान भाड्यापोटी जागामालकाला द्यायचा ठराव केलाय. मी खजिनदार. अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झालं असं सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर माझी सही आहे. अनुदान माझ्याकडून वसूल होईल का?

उत्तर : दादा, घरचे विचारतात, ‘सही कसाले कयी?’ असं तुम्ही लिहिलंय. म्हणून आधी तेवढंच सांगतो. बिल, बँकेचा उतारा आणि प्रमाणपत्रातली रक्कम जुळत असेल तर त्या सहीला घाबरू नका. संस्थेचं देणं खजिनदाराच्या घरावर येत नाही. भीती आहे ती पुढच्या सहीची. सामान सोपवल्याच्या कागदावर तुमचं नाव आलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताची तक्रार होऊ शकते. त्या कागदावर सही करू नका.

खेळ थांबवायचे की नाही हे कार्यकारिणी ठरवू शकते. संस्था विसर्जित करणं चौघांच्या हातात नाही. सोसायटी नोंदणी कायदा १८६० च्या कलम १३ प्रमाणे त्यासाठी सभासदांची सभा आणि तीन पंचमांश बहुमत लागतं. त्याच कलमाचं एक परंतुक, म्हणजे जोडलेली अट, सहसा कुणी वाचत नाही : शासनाने संस्थेला पैसा दिला असेल, तर राज्य शासनाच्या संमतीशिवाय ती विसर्जित होत नाही. तुमच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त भर यावरच देईन. विसर्जन झालंच, तरी देणी भागवून उरलेली मालमत्ता कलम १४ प्रमाणे सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते.

अध्यक्ष म्हणतात, धर्मादाय आयुक्तांची परवानगी फक्त जागा विकायला लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ पुरतं ते खरं आहे, प्रोजेक्टरला ते कलम लागत नाही. पण अनुदानाच्या मंजुरी आदेशातल्या अटी त्यामुळे पुसल्या जात नाहीत. अनुदानातून घेतलेली वस्तू मंजुरी देणाऱ्या खात्याला विचारल्याशिवाय विकू वा देऊ नये, अशी अट बहुधा असतेच. आदेश काढून ओळन् ओळ वाचा. प्रत सापडत नसेल तर त्या खात्याकडे दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत प्रोजेक्टरच्या पेटीवर लाल रंगाने ‘शासकीय अनुदानातून’ लिहिलेलं दिसतं. हा मोठा पुरावा आहे. प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक दिसेल असे फोटो काढा आणि डेड स्टॉक रजिस्टरशी, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीशी, ताडून घ्या.

जागामालकाचं भाडं बुडवा असं मी म्हणणार नाही, चौदा महिने त्यांनीही धीर धरलाय. पण भाड्यासाठी परस्पर सामान अडवून ठेवायचा हक्क त्यांना नाही. साधा भाडेकरार असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मागणीची नोटीस दिल्यावर ९० दिवस थांबल्याशिवाय थकबाकीपोटी ताब्याचा दावा लावता येत नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा वापरायचा नुसता परवाना असेल तर हे संरक्षण मिळणार नाही, म्हणून करार आधी पाहा. हप्ते बांधून घ्या आणि ते लेखी ठेवा.

आता या आठवड्यातलं काम. ठरावाला लेखी विरोध अध्यक्ष आणि सचिवांना स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. त्याची प्रत अनुदान देणाऱ्या खात्याला द्या. तरीही सामान हलवायची तयारी दिसली, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ए खाली निर्देश मिळावेत म्हणून धर्मादाय कार्यालयात अर्ज करा. तुमची सोसायटी त्या कायद्याखाली सार्वजनिक न्यासही आहेच.

आणि सभासदांची सभा बोलवायला लावा. एखादं महाविद्यालय किंवा वाचनालय खात्याच्या संमतीने ही यंत्रणा घेऊन महिन्यातून एक खेळ लावायला तयार असेल, तर तो प्रस्ताव सभेपुढे लेखी ठेवा. धरणगावहून एसटीने येणारे ते निवृत्त गुरुजी, ज्यांच्याबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंय, त्यांनाही सभासद म्हणून मत आहे. सभेची नोटीस त्यांना पोचली का, ते स्वतः पाहा.