मुंबईत भिंतींवरची चित्रं आणि गॅलऱ्या बघायच्यात, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की धुळ्याहून दोन दिवसांसाठी मुंबईला चाललात, भिंतींवरची मोठी चित्रं बघायचीत, गॅलरीत आत शिरायला मात्र संकोच वाटतो. मी अमळनेरचा, कामामुळे महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईला चक्कर असते आणि प्रत्येक वेळी अर्धा दिवस मी यासाठीच काढतो, म्हणून सांगतो.

एक दिवस पूर्ण बांद्र्याला द्या. स्टेशनच्या वेस्ट साइडला उतरून रिक्षाने हिल रोडपर्यंत जा आणि तिथून चॅपल रोड, वरोडा रोड, रणवार हा सगळा भाग पायीच फिरा. हे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिश्चन लोकांचं जुनं गाव आहे, बुटकी घरं, बाहेरून वर जाणारे जिने, भिंतीला टेकून उभ्या स्कूटर, आणि मधेच वळणावर एकदम अख्ख्या भिंतीएवढा चेहरा समोर येतो. फक्त नेटवरचा फोटो घेऊन तेच चित्र शोधायला जाऊ नका. पावसाळ्यात रंग उडतो, घर पाडून टॉवर होतो, कोणीतरी त्याच भिंतीवर दुसरं काढून जातं, त्यामुळे जे आज आहे ते बघायचं. आणि लोकांची दारं तिथेच असतात, फोटो काढताना तेवढं भान ठेवा.

बांद्रा रेक्लमेशनला एमटीएनएलच्या बिल्डिंगवर दादासाहेब फाळक्यांचं प्रचंड मोठं चित्र 2014 मध्ये रंगवलं होतं, रणजित दहिया आणि त्यांच्या साथीदारांनी. हा माणूस हरियाणातल्या गावात आधी घरांना चुना मारायचा, मग शिकत शिकत अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेपर्यंत गेला, आणि 2012 पासून बांद्र्याच्या भिंतींवर जुन्या सिनेमातले चेहरे काढू लागला. हे मला फार जवळचं वाटतं कारण माझे मामा पेंटर होते, म्हणजे दुकानांच्या पाट्या, बियाणं आणि सिमेंटच्या जाहिराती, तमाशाचे बोर्ड, सगळं हाताने. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत काम संपलं, ब्रश रॉकेलच्या डब्यात तसेच वाळून गेले.

2018 च्या हिवाळ्यात मामांना डोळे दाखवायला मुंबईला नेलं होतं तेव्हा मुद्दाम रेक्लमेशनला घेऊन गेलो. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग अहिराणीत म्हणाले, "हाई हातनं काम शे," म्हणजे हे हाताचं काम आहे. मग तिथेच मला समजावलं की छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर दोरीला रंग लावून झटका मारून पाडायच्या, आणि एकेक चौकट भरत जायची, कारण झुल्यावर लटकलेल्या माणसाला समोर नुसता रंगाचा डाग दिसतो, डोळा आहे की मिशी ते त्याला खाली उतरल्यावर कळतं. आता काही जण रात्री प्रोजेक्टर लावून आउटलाइन काढतात, काही जण भिंतीवर वेड्यावाकड्या खुणा करून मोबाईलमध्ये त्या फोटोशी जुळवतात, पण मुळात गोष्ट तीच. तुम्ही पण प्रत्येक मोठ्या चित्रासमोर आधी लांब जा आणि मग अगदी जवळ जा, जवळून ब्रशचे फटके किंवा स्प्रेचे ओघळ दिसतात ते बघण्यातच खरी मजा आहे.

वेळ उरला तर माहीम ते दादर तुळशी पाइप रोडने या. 2009 मध्ये पालिकेच्या परवानगीने रेल्वेलगतच्या त्या लांबलचक भिंतीवर शेकडो साध्या लोकांनी येऊन चित्रं काढली होती.

दुसरा दिवस दक्षिण मुंबईतला काळा घोडा. तिकडे रिक्षा चालत नाही हे आपल्याकडचे लोक विसरतात, टॅक्सी नाहीतर बस. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून आहे, आत जायला पैसे लागत नाहीत आणि दारात कोणी तुम्हाला विचारत नाही की तुम्हाला चित्रातलं काय कळतं. पहिल्या वेळी मी पण बाहेरच्या फुटपाथवरच घुटमळलो होतो, पण त्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात, त्यांच्याशी दहा मिनिटं बोललो आणि भीती गेली. तुम्ही पण तिथूनच सुरुवात करा. समोरच एनजीएमए, म्हणजे सरकारची आधुनिक कलेची राष्ट्रीय गॅलरी आहे, ती सोमवारी बंद असते. कुलाब्याच्या खासगी गॅलऱ्या जुन्या इमारतींत वरच्या मजल्यावर असतात, बेल वाजवावी लागते, बिनधास्त वाजवा, पण रविवारी बऱ्याच बंद असतात.

ससून डॉकबद्दल विचारलंय तर, 2017 च्या शेवटी आणि मग 2022-23 च्या हिवाळ्यात तिथे मोठी प्रदर्शनं झाली होती, कोळी लोकांचे मोठे फोटो भिंतींवर लावले होते. एरवी ते मासळीचं बंदर आहे, बायका पहाटेपासून काम करत असतात, त्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

आणि परतताना तुम्ही चाळीसगावलाच गाडी बदलणार ना, मग एक गाडी सोडा. स्टेशनजवळच फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे, जवळपास पन्नास वर्षं हा माणूस त्या घरातून क्वचितच बाहेर पडला आणि आत बसून टेबलावर कापूस, काड्या, असलं काहीबाही मांडून त्याचे असे फोटो काढले की खरे डोंगर आणि बर्फ वाटावा. आत सगळं जपून ठेवलंय.