केपाच्या ठासणीच्या रायफलचा घोडा निपलवर सरळ पडत नाही. तो वाकवून सरळ करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत राहता, हॉकेन घाटणीच्या ५० कॅलिबर रायफलचा संच आणून स्वतः जोडलात, आणि आता घोडा निपलच्या (केप जिच्यावर बसते त्या पोकळ नळकांडीच्या) मधोमध न पडता बाहेरच्या अंगाला, म्हणजे नळीपासून दूर पडतो. मधूनच एखादी केप (बार पेटवणारी छोटी टोपी) फुटत नाही. व्हाइसमध्ये धरून हातोड्याने ठोकू का, असं विचारलंत.

थंड घोड्यावर हातोडा अजिबात चालवू नका. घोडा वाकवता येतो, पण ते सगळ्यात शेवटचं काम. बहुतेक वेळा घोडा निर्दोष असतो आणि खोट दुसरीकडेच असते.

केप न फुटणं ही यातली छोटी अडचण आहे. घोड्याच्या नाकाला खालून जी खोलगट वाटी कोरलेली असते, ती केपेवर झाकण पडावं म्हणून. केप म्हणजे पातळ तांब्याची टोपी, फुटताना तिच्या चिंध्या होतात. घोडा मधोमध पडला तर त्या वाटीतच राहतात. एका अंगाला पडला तर दुसरी बाजू उघडी राहते आणि तांब्याचे कण तिथून थेट तुमच्या किंवा शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे जातात. म्हणून हे काम पूर्ण होईपर्यंत ती रायफल मैदानावर नेऊ नका, आणि पूर्ण झाल्यावरही चष्म्याशिवाय चालवू नका.

आधी बार भरलेला नाही याची खात्री करा. गज नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी बोट धरून बाहेर काढा आणि नळीला बाहेरून लावून बघा. टोक ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या मागच्या बंद टोकाच्या, जवळ पोचायला हवं. इंच-दोन इंच अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. केप लावलेली नसावी हे वेगळं सांगायला नको.

मग निपलच्या माथ्यावर काजळ लावा (मार्करची शाईही चालते), घोडा अंगठ्याने धरून सावकाश खाली आणा आणि वाटीत खूण कुठे उमटते ते पाहा. चाप ओढून नुसता आपटू नका, रिकाम्या निपलचा माथा त्याने चेपतो. खूण वाटीच्या तळाशी उमटायला हवी. वाटीच्या कडेवर उमटली तर कोणत्या बाजूच्या कडेवर, हे लिहून ठेवा. आत-बाहेरचा दोष आणि पुढे-मागेचा दोष यांचे उपाय वेगळे आहेत.

आता घोडा बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. घोडा टम्बलरच्या (आत घोड्याबरोबर फिरणाऱ्या भागाच्या) चौकोनी दांड्यावर बसतो आणि एका स्क्रूने आवळलेला असतो. तो स्क्रू सैल असेल किंवा चौकोनी भोक झिजून मोठं झालं असेल, तर घोडा दर वेळी थोडा वेगळा पडणार. खिळा ढिला झालेल्या अडकित्त्याला कितीही धार लावली तरी पाती जुळत नाहीत, तसंच इथे. आधी हा खेळ काढा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवी येतील.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय लॉकच्या, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर आहे. संच स्वतः जोडलात म्हणजे दस्त्यातली खोबणही तुम्हीच साफ करून पट्टी बसवली असणार. पट्टी नळीच्या बाजूला समांतर बसायला हवी. तिची मागची शेपटी लाकडात जरा जास्त खोल गेली की पुढचं अंग बाहेर वळतं, आणि घोडा पट्टीच्याच पातळीत फिरत असल्याने त्याचं नाक निपलच्या बाहेर जातं. हे अर्ध्या मिनिटात तपासता येतं: लॉकचा स्क्रू थोडा सैल करा आणि काजळाची खूण सरकते का पाहा. सरकली तर दोष लाकडात आहे. शेपटीखाली जाड कागदाचा तुकडा घालून पुन्हा बघा. खूण मध्यावर आली तर त्या जागी लाकडाची पातळ चकती चिकटवा, आणि इथून पुढे तो स्क्रू जीव खाऊन आवळू नका. लाकूड दबत जातं आणि दोष परत येतो.

त्यानंतर निपल. युरोपात बनलेल्या बऱ्याच प्रतिकृतींना ६ मिमी व्यासाचे, १ मिमी अंतराचे आटे असतात. अमेरिकी घाटणीच्या बऱ्याच बंदुकांना पाव इंचाचे, इंचाला २८ आटे असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. ६ मिमीचं निपल त्या भोकात शिरतं, काहीसं आवळल्यासारखंही वाटतं, पण तिरकं बसतं आणि दाबाखाली उडून येऊ शकतं. निपल कधी बदललं असेल तर आट्यांचं माप कॅलिपरने नक्की करा. निपल नळीत आडव्या बसवलेल्या ड्रमवर असेल, तर घोड्याशी जुळवण्यासाठी तो ड्रम उलटा फिरवू नका. त्याचे आटे बाराचा दाब पेलतात, ते पूर्ण बसलेलेच हवेत.

एवढं सगळं ठीक निघालं आणि खूण अजूनही वाटीच्या आतल्या, म्हणजे नळीकडच्या, कडेवर येत असेल, तरच घोड्याकडे वळा. फरक केसाएवढा असेल तर वाटीची आतली कड बारीक दगडाने हलकेच घासून जागा करता येते. कड पातळ करू नका, तीच तुमची ढाल आहे.

फरक जास्त असेल तर घोडा तापवून वाकवायचा. तो आधी लॉकवरून पूर्ण सुटा करा. लॉकवर असताना टॉर्च लावली तर टम्बलरच्या खाचांचं आणि स्प्रिंगचं पाणी उतरतं आणि अर्ध्या घोड्यावर (घोडा अर्धा मागे ओढून अडकवलेल्या स्थितीत) बंदूक थांबेल याचा भरवसा उरत नाही. सुटा घोडा मानेखाली व्हाइसमध्ये धरा, चौकोनी भोकाभोवती ओलं फडकं गुंडाळा आणि मान नारिंगीकडे झुकणाऱ्या लाल रंगापर्यंत तापवा. साध्या प्रोपेनच्या एका टॉर्चने हे लवकर होत नाही, दोन लागतात. रंग आला की नाक पान्यात धरून एका सावकाश दाबात वळवा, झटका देऊ नका. लाली गेली की थांबा आणि पुन्हा तापवा. पाण्यात बुडवू नका, राखेत ठेवून आपोआप गार होऊ द्या. बुडवलेलं पोलाद ठिसूळ होऊ शकतं, आणि घोड्याला आयुष्यभर आपटायचंच आहे. घोडा बिडाचा ओतीव असेल तर यातलं काहीही करू नका, तो तडकेल. नवा आणा. वरचं रंगीत कठीण कवच तापवल्यावर जाईल, ते पुन्हा चढवून घ्यावं लागतं.

दोष पुढे-मागे असेल, म्हणजे घोडा निपलच्या अलीकडे किंवा पलीकडे उतरत असेल, तर थोडा फरक मानेतच वळवून निघतो. मोठा फरक म्हणजे चौकोनी भोकाचा कोन चुकलेला. ते भोक भरून नव्याने कापणं बंदूक-कारागिराचं काम आहे, घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

परत जोडल्यावर दोन गोष्टी पाहा. खाली आलेला घोडा निपलवर थांबला पाहिजे, लॉकच्या पट्टीच्या काठावर नाही. आणि अर्ध्या घोड्यावर ठेवून चाप दाबला तरी तो सुटता कामा नये. सुटला तर ती रायफल कारागिराकडे गेल्याशिवाय भरू नका. मग नुसत्या केपा लावून, नळी सुरक्षित दिशेला धरून बघा. फुटलेली केप सगळीकडून सारखी उमललेली हवी.

हे सगळं आधुनिक प्रतिकृतीसाठी. १९व्या शतकातली अस्सल बंदूक असेल तर वाकवणं, घासणं काहीच नको. आणि कोकणात किंवा भारतात कुठेही कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, पण त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. तेव्हा रानडुकरांसाठी ठेवलेल्या बंदुकीचा घोडा वाकडा पडत असेल तर ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

काजळाच्या खुणेचा जवळून काढलेला फोटो आणि पट्टीचा वरून काढलेला फोटो इथे टाकलात, तर दोष लाकडात आहे की घोड्यात, हे बहुतेक त्यावरूनच सांगता येईल.