पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा का येतो?

पासवर्ड दिल्यावर क्षणभर काळा पडदा दिसून लिनक्स पुन्हा लॉगिनवरच येते, याचा अर्थ पासवर्ड स्वीकारला जातो आहे, पण डेस्कटॉपचे सत्र सुरू होताच कोसळते आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून कन्सोलवर (फक्त मजकुराच्या पडद्यावर) लॉगिन करावे आणि डिस्क भरलेली नाही ना, हे आधी ‘डीएफ’ (df) कमांडने पाहावे. जागा शिल्लक असेल, तर ‘एलएस -एलए’ (ls -la) चालवून होम फोल्डरमधील ‘.एक्सऑथॉरिटी’ (.Xauthority) ही ग्राफिकल पडदा वापरण्याची परवानगी नोंदवणारी फाइल कोणाच्या मालकीची आहे ते तपासावे. तिथे आपल्या नावाऐवजी ‘रूट’ (सर्व अधिकार असलेला प्रशासक) दिसले, तर कधीतरी सुडो (रूटच्या अधिकाराने चालवण्याची कमांड) लावून ग्राफिकल प्रोग्राम चालवल्याचा तो परिणाम असतो (ही चूक अनुभवी माणसेही करतात), आणि ‘चोन’ (chown) या मालकी बदलणाऱ्या कमांडने ती परत घेतली की बहुधा काम भागते. डेस्कटॉप पुन्हा इन्स्टॉल करण्याची घाई करू नये, कारण त्याने होममधील बिघडलेल्या फाइली तशाच राहतात.