बेडरूमच्या जिप्सम बोर्डच्या भिंती जुनाट दिसताहेत. रंग द्यावा की वॉलपेपर लावावा?

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलंय की पलंगामागच्या भिंतीवर पुसट उभ्या रेषा आणि बारीक गोल फोड दिसतात. माझ्या मते तुमचं खरं काम तेच आहे, रंग की वॉलपेपर हे नंतर ठरवू.

रात्री खोलीतले दिवे बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवा आणि उजेड तिरका पाडा. दिवसा सपाट वाटणाऱ्या भिंतीचे सगळे उंचवटे तिथल्या तिथे दिसतील. पेन्सिलने खुणा करून ठेवा. उभ्या रेषा म्हणजे दोन बोर्डांचे सांधे आणि फोड म्हणजे मागच्या चौकटीत सैल पडलेले स्क्रू. फोडावर नुसतं लिंपण केलं तर तो पुन्हा डोकं वर काढतो. फोडाच्या सरळ वर किंवा खाली तीन-चार सेंटीमीटरवर नवा स्क्रू मारा, मग जुना काढून टाका. नव्या स्क्रूचं डोकं किंचित आत बसलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. खड्डे जॉइंट कंपाउंडने, म्हणजे बोर्डांचे सांधे भरायच्या लगद्याने भरा. ते वाळताना आक्रसतं, त्यामुळे दुसरा हात द्यावाच लागतो. नंतर १५० किंवा १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा, तोंडाला मास्क लावून.

कागदाबद्दल एवढं बोलतोय कारण जिप्सम बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांमध्ये दाबलेलं जिप्सम. आपण भिंत म्हणून रंगवतो तो खरं तर कागद असतो. हे मी नुकसान करून घेऊन शिकलो. एका खोलीत आधीच्या माणसाने प्राइमर न लावता थेट बोर्डवर वॉलपेपर चिकटवला होता. मी एक कोपरा धरून जोरात ओढला, तर वॉलपेपरबरोबर बोर्डचा वरचा कागदही सालीसारखा निघाला. खाली तपकिरी, केसाळ पापुद्रे राहिले. घाईने त्यावर कंपाउंड फिरवलं आणि सकाळी पाहतो तर पुरीसारखे टम्म फुगे! उघडा पडलेला कागद पाणी पितो आणि फुगतो. अशा जागी सुटे पापुद्रे ब्लेडने कापायचे, कडा हलक्या घासायच्या, ऑइल बेस प्राइमरने तो भाग बंद करायचा आणि तो पूर्ण वाळल्यावरच भरायला घ्यायचं.

तुमच्या भिंतीवरचा जुना रंग घट्ट असेल तर सगळीकडे प्राइमर लागणार नाही. ओलसर फडक्याने पुसा, चकाकी असेल तर घासून मारा. भरलेल्या जागांना मात्र प्राइमर हवाच. कंपाउंड रंग जास्त शोषतं आणि वरून दोन हात दिले तरी तिथे निस्तेज डाग उमटतात. वॉलपेपर लावायचा असेल तर त्या पूर्ण भिंतीला प्राइमर द्या. पुढे कधी तो काढावासा वाटला तर बोर्ड वाचेल.

आता निवड. मी तुमच्या जागी असतो तर तीन भिंतींना मॅट रंग आणि पलंगामागे वॉलपेपर. चकचकीत रंगात प्रत्येक उंचवटा उठून दिसतो, मॅटमध्ये बराच लपतो. वॉलपेपरने सगळं झाकलं जातं असं लोक समजतात, पण पातळ गुळगुळीत कागदातून स्क्रूसुद्धा दिसतो; थोडा जाड, पोत असलेला घ्या. ती भिंत बाहेरच्या बाजूची असून ओल धरत असेल तर व्हायनिलचा, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेल्या वॉलपेपरचा, विचार सोडा. ओल मागे अडकते आणि बुरशी धरते. तिथे आधी ओलीचा बंदोबस्त, तोवर काहीच लावू नका.

आधी रंग उरकून घ्या, म्हणजे कडेला गेलेले फराटे कागदाखाली जातील. वॉलपेपरची पहिली पट्टी कोपऱ्याच्या भरवशावर लावू नका, कोपरे क्वचितच सरळ असतात. ओळंबा सोडून रेघ मारा आणि पट्टी तिला धरून लावा. सगळ्या गुंडाळ्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना, हे त्या उघडण्याआधी बघा. एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्येही रंगछटा बदलते, आणि ते नेमकं भिंतीवर चढवल्यावरच कळतं.